अडलेला पान्हा

रजा संपवून कामावर गेलेल्या बाईच्या तोंडी महिना-दीड महिन्यात एक वाक्य हमखास येतं: ‘‘दूधच आटलं हो.’’ त्यावरची उत्तरंही ठरलेली. आई अळिवाचे लाडू धाडते, सासूबाई शतावरी कल्पाचा डबा पुढे सरकवतात आणि ऑफिसातली कुणी अनुभवी मैत्रीण ‘‘आता वरचं सुरू कर बाई, किती जिवाला त्रास करून घेशील?’’ म्हणून मोकळी होते. लाडवांशी माझं भांडण नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईला भूक लागते आणि लाडू पोटभरीचे असतात. पण बहुतेक वेळा बिघाड तिच्या अंगात नसतोच. तो असतो तिच्या दिवसाच्या आखणीत, आणि पुष्कळदा दाराला आतून कडी नसण्यात.

1948 साली नाइल्स न्यूटन आणि मायकेल न्यूटन या अमेरिकी दांपत्याने एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. एक आई, तिचं एक बाळ. पाजण्याआधी आणि नंतर बाळाचं वजन करायचं, म्हणजे किती दूध पोटात गेलं ते कळतं. काही वेळा आईला निवांत पाजू दिलं. काही वेळा तिचे पाय बर्फाच्या पाण्यात ठेवले, पायाची बोटं ओढली किंवा भराभर गणितं घातली. त्रास दिला की बाळाला मिळणारं दूध बरंच घटायचं. मग तोच त्रास देताना तिला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं, तर दूध जवळपास पूर्ववत मिळालं. याचा अर्थ दूध आत होतं, फक्त ते उतरत नव्हतं. महिनाअखेरीच्या टाळेबंदात बसलेल्या कॅशियरबाईंना हा प्रयोग वेगळा समजावून सांगायला नको.

दूध तयार होणं आणि दूध उतरणं ही दोन वेगळी कामं आहेत. तयार करण्याचं काम प्रोलॅक्टिन या संप्रेरकाच्या हुकमाने स्तनातल्या बारीक पिशव्यांमध्ये चालू असतं. या पिशव्यांभोवती स्नायूंसारख्या पेशींचं जाळं असतं. बाळ ओढू लागलं की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, जाळं आवळलं जातं आणि दूध नळ्यांमध्ये ढकललं जातं. हाच पान्हा. तो बाळाच्या रडण्यानेही फुटतो, बाळाच्या नुसत्या आठवणीनेही फुटतो, आणि भीती, घाई, वेदना किंवा लाज आडवी आली की अडतो. गवळ्यांना हे पूर्वापार माहीत आहे. धारेला अनोळखी माणूस बसला की गाय पान्हा चोरते, म्हणून आधी वासरू सोडतात. ऑफिसात बसलेल्या बाईची अडचण एवढीच की तिचं वासरू डोंबिवलीला आजीपाशी असतं.

दुसरी गोष्ट मागणी-पुरवठ्याची. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे पीटर हार्टमन या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात स्तनांचं आकारमान कॅमेरा आणि संगणकाच्या मदतीने मोजून दूध किती वेगाने भरतं ते पाहिलं. त्यांना असं दिसलं की स्तन जितका रिकामा, तितकं नवं दूध वेगाने बनतं. तो भरून राहिला की वेग मंदावतो, आणि हा हिशोब डाव्या-उजव्या बाजूचा वेगवेगळा चालतो. शिवाय प्रत्येकीची साठवणुकीची ऐपत निराळी. तिचा बाहेरून दिसणाऱ्या आकाराशी फारसा संबंध नाही, कारण आकार बराचसा चरबीवर ठरतो. एकीचं दूध पाच तास सुखाने थांबतं, दुसरीची छाती अडीच तासांत दाटून दगडासारखी होते. म्हणून मैत्रिणीचं वेळापत्रक उसनं घेऊन उपयोग नसतो.

आता सकाळी साडेसातला घर सोडून संध्याकाळी साडेसातला परतणाऱ्या बाईचा दिवस घ्या. मुंबईच्या उपनगरांत ही फार मोठी पाळी म्हणता येत नाही, कामाचे आठ-नऊ तास आणि उरलेला वेळ लोकल, रिक्षा, जिना. एक ते सहा महिन्यांचं, केवळ आईच्या दुधावर असलेलं बाळ दिवसाकाठी सरासरी 750 ते 800 मिलिलिटर दूध पितं. गंमत म्हणजे हा आकडा पहिल्या महिन्यानंतर फारसा वाढत नाही, बाळ दुप्पट झालं तरी. तासाला साधारण 30 मिलिलिटर धरलं तर बारा तासांत 350 च्या आसपास. एवढं दूध घरी ठेवलेलं हवं आणि एवढंच दिवसभरात काढलं गेलं पाहिजे. अकराला एकदा, जेवणाच्या सुट्टीत एकदा, पाचच्या सुमाराला एकदा, असं तीनदा काढलं तर ताळमेळ बसतो. ती काढते फक्त जेवणाच्या सुट्टीत, तेही डबा उरकून उरलेल्या वेळात. उरलेले तास छाती भरलेली राहते आणि शरीर समजतं की बाळ मोठं झालं, आता एवढ्याची गरज नाही. दूध कमी होतं. मग लाडू येतात.

पंपाच्या बाटलीत किती जमलं यावरून मात्र स्वतःची परीक्षा घेऊ नये. पंप कितीही महागाचा असो, बाळाच्या तोंडाची सर त्याला नाही. पूर्णपणे अंगावर पाजणाऱ्या आईला एका बैठकीत दोन्ही बाजू मिळून 60 ते 120 मिलिलिटर दूध निघालं तर ते नेहमीसारखंच आहे. मोबाइलवर कुणीतरी टाकलेले काठोकाठ भरलेल्या बाटल्यांचे फोटो बघून खचण्याचं कारण नाही. बाळाचं वजन वाढतंय का आणि दिवसभरात लंगोट नीट भिजतायत का, हा खरा हिशोब.

काढायचं कसं? जागा बहुधा रेकॉर्ड रूम असते. फायलींचा वास, वर मंद पंखा, दाराला कडी नाही म्हणून मुठीखाली टेकवलेली खुर्ची आणि बाहेर कुणीतरी ‘‘मॅडम कुठेत?’’ विचारतंय. अशा ठिकाणी लगेच यंत्र लावून आकड्याकडे डोळे लावून बसलं की धार येत नाही. आधी हात धुवावेत, पाठ टेकून बसावं, खांदे सैल सोडावेत. बाळाचं न धुतलेलं झबलं पिशवीत असेल तर ते जवळ घ्यावं, नाहीतर त्याचा रडतानाचा व्हिडिओ लावावा. हे भाबडेपण वाटेल, पण ऑक्सिटोसिनला वासाची आणि आवाजाची भाषा कळते. मग बोटांनी गोलाकार हलकं चोळून, पंप असेल तर आधी कमी ओढीवर आणि भराभर, आणि दूध उतरलं की जरा जास्त ओढीवर व संथ. दुखेल इतकी ओढ कधीच नको, दुखण्याने पान्हा आणखी अडतो. पंपाची तोटी मापाची नसेल तर बोंड घासलं जातं. दुकानातून पंपासोबत मिळालेली तोटी सगळ्यांना बसतेच असं नाही, आणि पुष्कळ बायका ही साधी गोष्ट न कळल्याने पंपाला कंटाळतात. पहिली धार मंदावली की लगेच आवरू नये. दोन-चार मिनिटं थांबलं की बरेचदा दुसरा पान्हा येतो.

पंप नसला तरी अडत नाही. अंगठा वर, बाकीची बोटं खाली, बोंडाभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या जरा मागे ठेवायची. आधी छातीच्या दिशेने आत दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे आणून सोडायचं. कातडीवरून बोटं घसरवायची नाहीत. पहिल्या दिवशी चमचाभर निघतं, आठवड्याभरात हात बसतो. वीज गेली, बॅटरी संपली, पंपाचा एखादा भाग घरी राहिला, अशा दिवशी हेच कामी येतं. मला तर वाटतं, हाताने काढायला प्रत्येक बाईने बाळंतपणातच शिकून ठेवावं, पंप घ्यायचा की नाही ते नंतर. (पंपाच्या इतिहासात एक मजेदार पात्र आहे. 1920 च्या दशकात विजेवर चालणारा पंप तयार करणारा अमेरिकेतला एडवर्ड लास्कर पेशाने इंजिनियर होता आणि त्याची खरी ख्याती बुद्धिबळपटू म्हणून होती.)

दूध काढलं, आता ते टिकवायचं. इथे परदेशी पत्रकं जशीच्या तशी वाचू नयेत. ताजं दूध खोलीच्या तापमानाला चार तास टिकतं असं त्यांत लिहिलेलं असतं, पण ती खोली 25 अंशांची असते. अकोल्याला एप्रिलमध्ये सावलीतही 40 चा पारा असतो. तिथे काढलेलं दूध थेट फ्रीजमध्ये किंवा गोठवलेल्या जेल-पुड्यांच्या थंड पिशवीत गेलं पाहिजे. पुड्या नीट गोठलेल्या असतील आणि पिशवी सारखी उघडली नाही, तर त्यात दूध 24 तासांपर्यंत राहतं. संध्याकाळच्या लोकलच्या गर्दीतून ते अशाच पिशवीतून घरी न्यायचं. फ्रीजमध्ये चार दिवस, तेही दारात नव्हे, आत मागच्या बाजूला, कारण दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं. वेगळ्या दाराच्या फ्रीजरमध्ये सहा महिन्यांपर्यंत उत्तम. साठ-सत्तर मिलिलिटरचे छोटे वाटे करावेत, तारीख लिहावी आणि जुनं आधी वापरावं. गोठलेलं दूध आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये काढून ठेवावं, ते सुटल्यावर 24 तासांत संपवावं, पुन्हा गोठवू नये. कोमट करायला भांडं गरम पाण्यात ठेवायचं. गॅसवर उकळायचं नाही, मायक्रोवेव्हमध्येही नाही, कारण तिथे मध्येच चटका लागेल इतकं गरम राहतं. बाळाने उष्टं केलेलं दूध दोन तासांनंतर ओतून द्यायचं. जीव तुटतो, पण द्यायचं.

फ्रीजमधून काढलेलं दूध घरातल्या मोठ्यांना बघवत नाही. वर पिवळसर साय, खाली पांढुरकं निळसर पाणी. ‘‘अगं, हे तर फाटलंय!’’ फाटलेलं नसतं, स्निग्धांश वर आलेला असतो, भांडं हलकेच फिरवलं की एकजीव होतं. काहींच्या दुधाला साठवल्यावर साबणासारखा वास येतो, तो त्यातल्याच एका विकराने स्निग्धांश फोडल्यामुळे. बाळ पीत असेल तर त्यात वावगं काही नाही. खरी अडचण ‘शिळं दूध’ या विचाराची असते. गाईचं दूध न तापवता ठेवलं तर नासतं, मग बाईचं कसं टिकेल? आईच्या दुधात जंतूंना आवर घालणारे घटक आणि जिवंत पेशी असतात, म्हणून ते इतका वेळ टिकतं. हे पटवायला मुंबईतलंच उदाहरण द्यावं. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने 1989 साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. तिथे दिलेलं दूध तपासून, 62.5 अंशांवर अर्धा तास ठेवून, गोठवून साठवतात, आणि ते पितात अपुऱ्या दिवसांची, मुठीएवढी बाळं. त्यांना चालतं ते आपल्या घरच्या गुटगुटीताला न चालायला काय झालं?

दुसरा एक समज संध्याकाळी दारातच उभा असतो. सून उन्हातून, प्रवासातून आलेली, बाळ झेपावतंय आणि सासूबाई म्हणतात, ‘‘थांब, तापलेलं दूध देऊ नकोस, पहिल्या धारा काढून टाक.’’ उन्हाने दूध तापत नाही. ते शरीराच्या तापमानाला असतं, आई वातानुकूलित खोलीत बसलेली असो की एसटीच्या मागच्या बाकावर. हातपाय धुऊन, पाणी पिऊन खुशाल पाजावं. दिवसभरातली सगळ्यात मोलाची पाजणी हीच, कारण पंपाने जे राहतं ते बाळ काढून घेतं.

याच सासूबाईंच्या हाती मात्र एक फार उपयोगी वस्तू असते: बोंडलं. बाटलीची सवय लागलेली काही बाळं आईच्या अंगावर ओढायला कुरकुर करतात, कारण बाटलीतून दूध आपसूक गळतं. बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने पाजलं तर तो प्रश्न येत नाही आणि धुवायलाही सोपं. बाळाला मांडीवर जरा उभट धरायचं, बोंडल्याची चोच खालच्या ओठावर टेकवायची, घोट गिळू द्यायचा, मग पुढचा. ओतायचं नाही. कामावर रुजू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी आजीने किंवा बाबांनी हे सुरू करावं, आणि त्या वेळी आईने खोलीत असू नये. अस्सल दूध शेजारी दिसत असताना बोंडलं कोण तोंडात घेईल? काही बाळं दिवसा जेमतेम पितात आणि आई आल्यावर रात्रभर वसूल करतात. आईची झोप मोडते हे खरं, पण रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं आणि या रात्रीच्या पाजण्या दुधाचा पुरवठा टिकवून धरतात. रुजू व्हायचा दिवस हाती असेल तर गुरुवार निवडावा. दोन दिवसांची चाचणी होते आणि शनिवार-रविवारी बाळाला पुन्हा भरपूर अंगावर घेता येतं.

गाठ झाली, छातीचा एखादा भाग लाल होऊन दुखू लागला, ताप आला तर पाजणं थांबवायचं नाही. थंड पाण्याच्या घड्या ठेवायच्या, जोरजोराने रगडायचं नाही, आणि एका दिवसात उतार पडला नाही तर डॉक्टर गाठायचा.

इथवरचं सगळं बाईच्या हातातलं. आता जे तिच्या हातात नाही ते.

शंभर वर्षांपूर्वी गिरणगावातल्या बायका तान्ह्या पोरांना अफूची गोळी देऊन पाळीवर जात. बाळगोळी म्हणत तिला. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी 1922 मध्ये गिरणी कामगार बायकांची पाहणी केली, तेव्हा जवळपास सगळ्याच बाळांना ती दिली जात असल्याचं आढळलं. त्या आया निर्दय नव्हत्या. भोंगा झाला की जावं लागे आणि भुकेलं पोर दहा तास रडत ठेवण्यापेक्षा निजलेलं बरं, एवढाच विचार. 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकावर चर्चा झाली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू लावून धरली आणि या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा अशी भूमिका घेतली. 1929 चा मुंबईचा प्रसूती लाभ कायदा हा देशातला अशा प्रकारचा पहिला. पुढे 1948 च्या कारखाने कायद्यात पाळणाघर आलं आणि 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यात बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन जादा सुट्ट्या आल्या, बाळाला पाजण्यासाठी. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा 26 आठवड्यांची झाली आणि 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं, जिथे आईला दिवसातून चारदा जाता येईल. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हीच रचना ठेवली.

वाचताना लक्षात येतं की या कायद्याच्या डोळ्यांसमोर अजून गिरणीच आहे. फाटकाला लागून पाळणाघर, आई जाते, पाजते, परत साच्यावर. खाणी आणि सर्कशींसाठीच्या 1963 च्या नियमांत पाजण्याच्या सुट्टीची लांबी 15 मिनिटं ठरवली होती. बाळ वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे, पंप जोडायला, काढायला, धुवायला आणि दूध जागेवर ठेवायला मिळून अर्धा तास लागतो, याचा विचार त्यात नाही. अमेरिकेत पगारी रजेच्या नावाने आनंदीआनंद, पण तिथल्या 2010 च्या कायद्यात दूध काढण्यासाठी आडोशाची जागा द्यावी आणि ती शौचालय असू नये, असं स्पष्ट लिहिलंय. आपल्याकडे रजा मोठी आणि जागेचा उल्लेख नाही. त्यामुळे पुष्कळ बायका आजही शौचालयात उभ्याने दूध काढतात. जिथे आपण डबा खाणार नाही, तिथे बाळाचा डबा भरायचा.

26 आठवड्यांतही एक मेख आहे. त्यांतले आठ आठवड्यांपर्यंत बाळंतपणाआधी घेता येतात. दगदग सोसेना म्हणून कुणी सहा आठवडे आधी घेतले तर रुजू होताना बाळ साडेचार महिन्यांचं असतं, अजून वरणाचं पाणीही न लागलेलं. सगळी रजा नंतर घेतली तर बाळ सहा महिन्यांचं होऊन नाचणीचं सत्त्व, मऊ भात सुरू होतो आणि दिवसाच्या दुधाची गरज हळूहळू उतरते. तब्येत साथ देत असेल तर शेवटपर्यंत काम करून रजा मागे राखणाऱ्या बायका हा हिशोब करूनच तसं करतात.

महाराष्ट्रात एसटी स्थानकांवर आणि सरकारी कचेऱ्यांत बाळाला पाजण्यासाठी हिरकणी कक्ष आहेत. नाव रायगडच्या त्या गवळणीचं. आख्यायिका आपण शौर्याची म्हणून सांगतो, पण त्यात कामाच्या वेळेचाच प्रश्न आहे. गडाचे दरवाजे ठरल्या वेळी बंद झाले, तान्हं बाळ खाली घरी, आणि पहारेकरी नियमावर बोट ठेवून उभे. कडा उतरून गेली तेव्हा तिचं कौतुक झालं. डिसेंबर 2022 मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या तेव्हा त्यांचंही कौतुक झालं. पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात मुंबईच्या विधानभवनातल्या हिरकणी कक्षात धूळ असल्याची तक्रार त्यांना जाहीरपणे करावी लागली. आमदाराची ही गत, तर तालुक्याच्या स्थानकावर कुलूप लागलेल्या कक्षाची किल्ली कंट्रोलरकडे मागणाऱ्या बाईचं काय होत असेल ते ओळखावं. पाटी लावणं स्वस्त असतं. एक खुर्ची, एक पडदा, आतून कडी, हात धुवायला नळ आणि पंपासाठी प्लगपॉइंट, यालाही फार पैसे लागत नाहीत, पण झाडायला रोज माणूस लागतो.

ज्यांना रजाच नाही त्यांची गोष्ट आणखी निराळी. ऊसतोडीला गेलेली बाई बाळ फडातच साडीच्या झोळीत ठेवते आणि मुकादमाची नजर चुकवून पाजते. तिच्याकडे बाळ आहे, वेळ नाही. धुणीभांडी करणारीचं बाळ घरी मोठ्या बहिणीजवळ. या दोघींना पंपाचा सल्ला देणं म्हणजे थट्टा. हाताने दूध काढून स्वच्छ झाकलेल्या भांड्यात ठेवणं आणि थंडीच्या दिवसांत तीन-चार तासांत, उन्हाळ्यात त्याच्याही आधी ते बाळाला पाजणं, इतकं त्यांतल्या काहींना जमतं.

पंप कधी थांबवायचा, हा प्रश्न बायका दबक्या आवाजात विचारतात, जणू काही पळून जायचंय. बाळ वर्षाचं झालं, तीन वेळा नीट जेवू लागलं की दिवसाची काढणी सोडायला हरकत नाही. एकदम सोडली तर छाती दाटते आणि गाठी होतात. म्हणून आधी दुपारची वेळ सोडायची, चार-पाच दिवस जाऊ द्यायचे, मग पुढची. फार दाटलं तर आराम पडेल इतकंच काढायचं, पूर्ण रिकामं करायचं नाही. सकाळी निघण्यापूर्वीचं आणि रात्री परतल्यावरचं पाजणं मात्र तसंच चालू ठेवता येतं, दोन वर्षांपर्यंत आणि हवं तर त्यानंतरही. शरीर या दोन वेळांपुरतं दूध बनवायला शिकतं, आणि थंड पिशवी फ्रीजच्या माथ्यावर ठेवून देता येते.